क्यूबाच्या सत्ताधीशाची रुजवात

क्यूबा नक्की कुठं आहे हे मला माहीत असणार, असं माझ्या सासऱ्यांनी गृहीत धरलं आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला. मी मंचरच्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवत होते. म्हणजे पाठ्यपुस्तकात जेवढा इतिहास आणि जेवढा भूगोल असतो तेवढाच. क्यूबा त्यात एका ओळीपुरता यायचा, साखरेचा देश म्हणून, आणि ती ओळ मी वर्षानुवर्षं 'गाळलेल्या जागा भरा' मध्ये घालत आले होते. एवढ्या भांडवलावर मला त्या देशाच्या एका जुन्या सत्ताधीशाचं चरित्र तपासायला बसवण्यात आलं.

सासऱ्यांना घरात सगळे आप्पा म्हणत. ते पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत लघुलेखक होते. साहेबांनी बोलायचं, आप्पांनी कागदावर रेघोट्या ओढायच्या, मग टाइप करायचं. टाइप झालेला कागद तसाच बाहेर जात नसे. एकानं तो मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचं, आणि सगळं जुळलं की खाली सही करायची, 'रुजवात घेणार' म्हणून. आपल्या हातचा एकही कागद रुजवातीशिवाय कचेरीबाहेर गेला नाही, हे आप्पा आम्हाला जेवताना सांगत. दुसरं सांगण्यासारखं त्यांच्या नोकरीत काही घडलं नसावं.

नव्वदच्या दशकात ते निवृत्त होऊन अवसरीला घरी आले. बरोबर एक टाइपरायटर आणि फुटपाथवर घेतलेलं, पहिली पानं गेलेलं एक इंग्रजी पुस्तक. त्या पुस्तकात त्यांना हा माणूस भेटला होता. दाराशी चप्पल काढता काढता त्यांनी मला सांगितलं, "सूनबाई, जगाच्या पाठीवर लघुलेखकानं राज्य घेतल्याचं हे एकच उदाहरण असावं. लष्करात डिक्टेशन घ्यायचा. तोही सार्जंट. म्हणजे आमच्याच ग्रेडचा म्हणायला हरकत नाही."

मी म्हटलं, "तो दाढीवाला का?"

"दाढीवाला नंतरचा. दाढीवाल्यानं ह्याला घालवलं."

हा प्रश्न पुढं सगळ्या गावानं विचारला. क्यूबा म्हटलं की लोकांना दाढी आठवायची, आणि आप्पांचा माणूस तर चांगला गुळगुळीत दाढी केलेला. त्यांचे थोरले बंधू, आमचे नाना, त्यांनी तर स्पष्टच विचारलं, "पडलेल्याचं पुस्तक कशाला लिवतो? जिकला त्याचं लिव की."

नानांबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं प्रकरण खरं तर नानांसाठी चाललं होतं. शेती नाना बघत. कांदा, बटाटा, ऊस, विहिरीची मोटार, भावकीतली भांडणं, सगळं त्यांच्याकडं. आप्पांवर त्यांचा जीव होता, पण आप्पांच्या नोकरीवर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. लग्नाच्या पंगतीत, चावडीवर, पाहुण्यांसमोर ते म्हणत, "आमचा धाकला म्हंजी, बोलायचं दुसऱ्यानं आन् लिवायचं ह्यानं. जल्मात सोताचं एक वाक्य न्हाई." सगळे हसत. आप्पाही हसत. तीस वर्षं हसले. आणि मग पेन्शनवर आल्यावर ते स्वतःची वाक्यं लिहायला बसले.

चैत्रात गावची यात्रा असते. जेवणं झाली की सगळी भावकी आमच्या अंगणात बसते. त्या बैठकीत नानांसमोर पहिलं प्रकरण वाचायचं, असं आप्पांनी मनाशी घेतलं होतं. मला ते म्हणाले, "नानांसमोर वाचायचंय. एक चूक राहता कामा नये. रुजवात तुम्ही घ्या."

आता रुजवातीला मूळ कागद लागतो. तो कुठाय, असं मी विचारलं तर आप्पांनी माझ्यासमोर तीन मूळ कागद ठेवले. ते फुटपाथवरचं पुस्तक, एका इंग्रजी साप्ताहिकाची कापलेली पानं, आणि त्या सत्ताधीशाच्या विरोधकांची बाजू मांडणारी एक हिंदी पुस्तिका. आम्ही संध्याकाळी पडवीत बसायचो. आप्पा खणखणीत आवाजात वाचायचे आणि मी बोट ठेवायला जागा शोधायचे. एका कागदात हा माणूस गरिबांचा कैवारी होता, दुसऱ्यात राक्षस होता, आणि तिसऱ्यात नेमकं ते पान नव्हतं. मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढायचे आणि पुढं जायचे. काही दिवसांत समासाला इतकी प्रश्नचिन्हं झाली की वालाच्या वेलाला आकडे फुटल्यासारखं ते पान दिसायला लागलं.

सासूबाई शेजारी शेंगा सोलत सगळं ऐकायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "एवढं वाचताय, पर मानूस बरा व्हता का वाईट?"

मी म्हटलं, "आधी बरा होता म्हणतात, आत्या. लोकांनी निवडून दिला होता. नंतर काही वर्षांनी परत आला तो फौज घेऊन. तेव्हा मात्र वाईट. लोकांना तुरुंगात घातलं, मारलं."

"मंग दोन मानसं असतील. नीट बघा."

तुम्हाला हसू येईल, पण मी खरंच बघितलं. एकाच नावाची दोन माणसं असतील काय, ह्या शंकेनं माझी एक अख्खी रविवारची दुपार गेली. फोटो शेजारी शेजारी ठेवून नाकं ताडून पाहिली. माणूस एकच निघाला. त्यानं माझा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला.

पण खरा घोटाळा होता पहिल्या प्रकरणात. त्या प्रकरणाचं नाव 'घराणे'. आमच्याकडं माणसाची गोष्ट त्याच्यापासून सुरू करायची पद्धत नाही. आधी बाप, मग आजा, मग मूळ गाव, मग तो स्वतः. आप्पांनी तसंच केलं होतं. पुस्तकात त्या माणसाचं संपूर्ण नाव तीन शब्दांचं होतं. आपल्याकडं तीन शब्दांचं नाव म्हटलं की विचार करायचं कारण नसतं, पहिलं स्वतःचं, मधलं वडिलांचं, शेवटचं आडनाव. आप्पांनी त्याप्रमाणे वडिलांचं नाव ठरवलं, आडनाव ठरवलं, आणि मग कुठल्यातरी जुन्या इंग्रजी इतिहासात त्या आडनावाचा एक जमीनदार सापडल्यावर तो त्यांनी आजोबा म्हणून बसवून टाकला.

आजोबा बसवल्यावर आप्पांची लेखणी अशी सुटली की थांबायला तयार नाही. क्यूबातल्या त्या घराण्याची दोन भावांत सामाईक विहीर होती. पाण्याच्या पाळीवरून बोलाचाली व्हायची. बांध कोरल्यावरून एकदा काठ्या निघाल्या होत्या. थोरला भाऊ कडक होता पण मनानं मोठा होता. मी वाचताना म्हटलं, "आप्पा, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

आप्पा म्हणाले, "हे पुस्तकात नसतं, सूनबाई. जमीनदाराच्या घरात असं असायचंच."

आणि त्यांना दम निघाला नाही. यात्रेच्या कितीतरी आधी, विहिरीवर लाइटीची वाट बघत बसलेल्या नानांना त्यांनी ह्या प्रकरणातली काही पानं वाचून दाखवली. घरी आले ते वेगळ्याच चालीनं. सासूबाईंना म्हणाले, "नाना म्हणाले, घरंदाज व्हता म्हण की." पाणी प्यायले आणि मला येऊन म्हणाले, "नाना म्हणाले, बरं लिवलंय." जेवताना नवऱ्याला तेच सांगितलं. तो तळेघरला आश्रमशाळेत नोकरीला होता, शनिवारचा यायचा, त्याला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "कोण घरंदाज?" त्यावर आप्पा रागावले.

माझं माहेर येडगावचं. दिवाळीला गेले तेव्हा भावाच्या मोटारसायकलवर बसून जुन्नरला गेले आणि तिथल्या वाचनालयात इंग्रजी विश्वकोश मागितला. विश्वकोशाचे खंड वरच्या फळीवर होते आणि शिडी दुसऱ्या खोलीत. शिडी आणली. आप्पांनी सांगितलेल्या आडनावाखाली मी शोधलं तर आमचा माणूस तिथं नव्हताच. मी परत परत बघितलं. मग कंटाळून, नुसतं पान उलटायचं म्हणून, मधल्या नावाखाली बघितलं तर हा तिथं आरामात बसलेला.

मला वाटलं छापणाऱ्यांची चूक. इंग्रजी माणसंही चुकतात म्हणून जरा बरंही वाटलं. पण मग एका ट्रेनिंगला पुण्याला गेले असताना तिथल्या मोठ्या वाचनालयात बघितलं, तिथंही मधल्या नावाखालीच. आता दोन ठिकाणी तीच चूक कशी होईल? मी तर्क लढवले. आमच्या शाळेत हजेरीपट मुलांच्या पहिल्या नावानं लावतात, दुसऱ्या एका शाळेत आडनावानं लावतात, तसं तिकडं वडिलांच्या नावानं लावत असतील. हा तर्क मला इतका पटला की मी तो शिक्षकांच्या खोलीत सांगितला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीच क्यूबाला गेलेलं नसलं की असं सगळ्यांचं लवकर पटतं.

उलगडा झाला तो भलत्याच कामात. नानांच्या नातीची सोयरीक बघायला सुरुवात झाली होती. घरात माझं अक्षर बरं, म्हणून भावकीतल्या सगळ्या मुलामुलींची परिचयपत्रं लिहायचं काम माझ्याकडं. मुलीचं नाव लिहिलं, शिक्षण लिहिलं, उंची जरा वाढवून लिहिली, आणि खाली नेहमीची ओळ लिहायला घेतली, 'मामकूळ'. म्हणजे आईच्या माहेरचं आडनाव. आमच्याकडं सोयरीक जमवताना बापाचं आडनाव एकदा विचारतात आणि मामाचं दोनदा.

ती ओळ लिहिता लिहिता माझं पेन थांबलं. मी उठले, ते फुटपाथचं पुस्तक आणलं आणि त्या माणसाच्या आईबद्दलचा मजकूर शोधला. आईचं नाव तिथं होतं. आईचं माहेरचं आडनाव आणि ह्याच्या नावातला तिसरा शब्द एकच होता.

सासूबाई चुलीपाशी होत्या. मी त्यांना म्हटलं, "आत्या, ते लोक नावातच मामकूळ लावतात. आधी बापाचं आडनाव, त्याच्या पुढं आईच्या माहेरचं."

"लई चांगलं करत्यात. हितं आमचं माहेर कुनाच्या नावात ऱ्हातंय."

"पण आप्पांनी तेच घराणं धरलंय."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडं बघितलं. "म्हंजी मामाच्या घराला बापाचं घर म्हनलं?"

"हो. आणि तो जमीनदार तर मामाचाही आहे की नाही कोण जाणे. नुसतं आडनाव सारखं."

"आन् नानांना ते वाचून दावलंय."

"हो."

"मंग तू सांग. रुजवातीवाली तू हायेस. मला न्हाई ह्यात घ्यायचं."

मला सांगायचं धैर्य होईना. मी आपली पेन्सिल घेतली आणि 'घराणे' ह्या शब्दाशेजारी एक अगदी बारीक प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. संध्याकाळी आप्पांना ते दिसलंच. चष्मा नीट करून ते म्हणाले, "हे कशावर आहे? शब्दावर का पहिल्या ओळीवर?"

"प्रकरणावर," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. परिचयपत्र दाखवलं, विश्वकोशाचं सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं. त्यांनी ते तीन शब्दी नाव दोनदा स्वतःशी उच्चारलं, मग स्वतःचं संपूर्ण नाव उच्चारलं, जसं काही त्यातही कुठं गडबड आहे का ते बघताहेत.

"म्हणजे मधलं ते आडनाव."

"हो, आप्पा."

"आणि आजोबा?"

"ते कुणाचे तरी असतील. ह्याचे नाहीत, बहुतेक."

"बहुतेक?"

"मला नक्की नाही सांगता येत."

"मग ह्याचा बाप कोण होता?"

ते पुस्तकात दोनच ओळींत होतं, म्हणून आमच्या दोघांच्याही नजरेतून निसटलं होतं. बाप उसाच्या मळ्यात राबणारा मजूर. ऊस तोडायचा. हा स्वतःही लहानपणी ऊस तोडायला गेला होता.

आमच्या भागात ऊसतोडीची माणसं लांबून येतात. हंगामभर शेतातच पाचटाच्या कोप्या घालून राहतात आणि ऊस संपला की जातात. नाना त्यांना बांधावर उभं राहून बोलत, चहा द्यायला लावत, पण पडवीत कधी बसवलेलं मी बघितलं नव्हतं. आप्पांच्या मनात काय आलं ते मला कळलं. नानांनी आयुष्यात पहिल्यांदा ज्याला 'बरं लिवलंय' म्हटलं होतं, ती सगळी पानं गेली, आणि त्यांच्या जागी नानांना काय वाचून दाखवायचं, तर कोपीवरचा पोरगा.

"बदलायलाच पाहिजे का?" त्यांनी विचारलं.

इतिहासाची शिक्षिका म्हणून हो म्हणायला हवं होतं. सून म्हणून नको म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "चहा टाकू का?"

आठवडाभर टाइपरायटरचा आवाज आला नाही. आप्पा सकाळी विळा घेऊन घास कापायला जाऊ लागले, जे त्यांनी जन्मात केलं नव्हतं, आणि बोट कापून घेऊन परत आले. सासूबाई हळद दाबत म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या त्यो आजा. कोन जातंय क्यूबाला इचारायला." आप्पा म्हणाले, "कुणी जात नाही. पण रुजवात झालीय ना." त्यांनी नवं प्रकरण टाइप करायला घेतलं. जुनं सोळा पानांचं होतं, हे दीड पानात संपलं. विहीर गेली, पाण्याची पाळी गेली, मनानं मोठा थोरला भाऊही गेला.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मी पडले रुजवात घेणार. एव्हाना मंचरला इंटरनेटची दुकानं निघाली होती. शाळा सुटल्यावर मी तिथं जाऊन बसायचे, आणि दुकानातला मुलगा मला नाव टाइप करून द्यायचा. एक दिवस तिथं जे वाचलं त्यानं मी परत पहिल्या पायरीवर आले. त्या माणसाच्या जन्माच्या नोंदीत बापाचं आडनाव नव्हतंच. आईचंच आडनाव होतं. बापाचं आडनाव तो पुढं वापरू लागला, आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभा राहिला तेव्हा कागद बघितले गेले आणि ह्या नावाचा माणूस नोंदीत नाहीच असं निघालं. मग धावपळ करून कागद दुरुस्त केले.

मी एस.टी.त बसून अवसरीपर्यंत हाच विचार करत आले. म्हणजे आप्पांनी पहिल्यांदा लिहिलं ते बरोबर होतं? आडनाव बरोबर. घराणं चूक. म्हणजे आडनावही पुढं चूक, पण आधी बरोबर. माझा थांबा मागं गेला तरी मला कळलं नाही. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, भोकरवाडीला निघालात का?"

घरी येऊन भीत भीत सांगितलं. मला वाटलं आता आप्पा टाइपरायटर विकून टाकतील. पण त्यांचा चेहरा खुलला. "दाखल्यात एक नाव, चालू नाव दुसरं," ते म्हणाले, "रेशनकार्डावर तिसरं. ह्यात नवीन ते काय? अशी प्रतिज्ञापत्रं मी किती टाइप केली असतील. निम्मा जिल्हा असाच आहे." मग जरा थांबून म्हणाले, "पण बापाचं नाव का नाही लावलं नोंदीत?"

"एका ठिकाणी म्हटलंय, बापानंच लावू दिलं नाही. दुसऱ्या ठिकाणी कारणच दिलेलं नाही."

"मग आपण काय लिहायचं?"

आम्ही दोघं पडवीत बसून राहिलो. शनिवार होता, नवरा तळेघरहून आला, चिखलाचे बूट काढता काढता आमच्याकडं बघून म्हणाला, "कुणी गेलं का?"

यात्रा आली. जेवणं झाली, अंगणात सतरंज्या पडल्या, भावकी टेकली. नाना मधोमध, चंची उघडून. आप्पांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. त्यांच्या हातात दोन फायली होत्या. एक जाड, एक पातळ. पातळ फायलीत नवं दीड पान आणि त्यामागं दुसरं प्रकरण. जाड फाइल म्हणजे जुनं प्रकरण, विहिरीसकट. ती त्यांनी बरोबर का आणली होती? मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय इचारती. मला तर दोन्ही खरंच वाटतंय."

आप्पा उभे राहिले. दोन्ही फायली बघितल्या. जाड फाइल सतरंजीवर ठेवली आणि पातळ उघडली.

पहिला परिच्छेद झाला नाही तोच नानांनी हात वर केला. "थांब. त्यो जमीनदार कुठं गेला?"

"तो ह्याचा नव्हता, नाना. माझी चूक झाली होती. मी मामकुळाला कूळ समजलो."

"मंग बाप कोन?"

"ऊस तोडायचा."

मागं कुणीतरी हसलं. "म्हंजी कोपीवरचा की. आन् आप्पा, आमाला वाटलं तुमी राजाचं वाचताय." दोघंतिघं आणखी हसले. आप्पा हसले नाहीत. इतक्या वर्षांत असं हसू आलं की ते त्यात मिसळायचे, ते मी बघितलं होतं. त्या दिवशी ते नुसते उभे राहिले, हसणं संपायची वाट बघत, जशी साहेबांचा फोन संपायची वाट बघत असतील. मग त्यांनी पुढची ओळ वाचली.

"जन्माच्या नोंदीत वडिलांचे आडनाव नाही. आईचे आहे. वडिलांचे का नाही, ते मला कळलेले नाही."

"कळलेलं न्हाई म्हंजी?" नानांनी विचारलं.

"म्हणजे शोधलं. सूनबाईंनी जुन्नरला शोधलं, पुण्याला शोधलं, मंचरला कॉम्प्युटरवर शोधलं. एक जण एक सांगतो, दुसरा काहीच सांगत नाही. मला माहीत नाही, नाना. म्हणून तसंच लिहिलंय."

सगळ्यांनी दाराकडं बघितलं. मी पदर पुढं ओढून चहाच्या भांड्यात बघत राहिले. त्यात चहा नव्हता.

नानांनी तंबाखू मळली. पलीकडं तमाशाच्या तंबूत कुणी ढोलकी लावून बघत होतं.

"बापाचं नाव न्हाई," नाना म्हणाले, "ऊस तोडत व्हता. आन् राज्य घेतलं?"

"हो."

"कशाच्या जोरावर?"

"लष्करात लघुलेखक होता. साहेब लोक काय बोलतात, ते सगळं त्याच्या हाताखालून जायचं."

मागचा तो माणूस परत काही बोलणार होता. नानांनी त्याच्याकडं न बघता हात केला आणि तो गप्प झाला.

"पुढं काय झालं?" नानांनी विचारलं.

आप्पांनी फाइल मिटत आणली होती. ते गडबडले. "ते दुसऱ्या प्रकरणात आहे, नाना. त्याची रुजवात पुरी झालेली नाही अजून."

"ती घेतील मागनं. तू वाच."

आप्पांनी दाराकडं, माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या प्रकरणातल्या निम्म्या गोष्टींना मूळ कागद कुठला, हे मला माहीत नव्हतं, आणि त्यांनाही नव्हतं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नको म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही. त्यांनी पान उलटलं आणि वाचायला लागले.